बंद बोगदा म्हणजे आडवी विहीर

मंडळी, आर्णीत रेल्वे नाही, त्यामुळे बोगद्याची गोष्ट दूरची वाटेल. पण विहीर खणताना तुम्ही पाहिलीच आहे. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबडा मऊ पट्टा, आणि कुठल्याशा फटीतून झरा. बोरघाटातले बोगदेही याच जातीच्या खडकात खोदले आहेत. म्हणून मी बोगद्याला आडवी विहीर म्हणतो. विहिरीत पाणी यावं म्हणून आपण धडपडतो, बोगद्यात येऊ नये म्हणून.

बोरघाटाची लाईन १८६३ साली सुरू झाली. २५ बोगदे, आणि चढ ३७ फुटांना १ फूट. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथं गाडीला दिशा बदलावी लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, जुना मागे पडला. चालू लाईनवर गँगमन नेमाने फिरतो, गटार मोकळं ठेवतो, सैल दगड हेरतो. लाईन बंद झाली की तो येत नाही. झरा मात्र सुरूच असतो.

आता समजा, अशा बोगद्यात मुलांनी बीएमएक्सचं मैदान केलं. बीएमएक्स म्हणजे २० इंची चाकांची, उड्या मारायची सायकल. २००८ पासून ऑलिंपिकमध्येही आहे. बोगद्यात ऊन नाही, पाऊस नाही, जागा आयती! पण प्लायवूडचे रॅम्प ओल धरतात, फुगतात, खिळे गंजतात. मैदान सोडून दिल्यावर वरून धड दिसणारी फळी आतून कुजलेली असते.

तुम्ही आत शिरलात तर रॅम्प नंतर बघा, आधी छत बघा. वाफेच्या इंजिनाच्या काजळीने काळवंडलेल्या छतात कुठं स्वच्छ दगडाचा डाग दिसला, तर तिथला तुकडा नंतर पडलाय. खाली तो सापडेलच. एक तोंड बुजलेलं असेल तर हवा खेळत नाही. जुन्या विहिरीत उतरताना जी भीती, तीच इथं. मग पुढे जायचं नाही. आणि लाईन बंद असली तरी जागा बहुधा रेल्वेचीच असते, परवानगी लागतेच.

इंग्लंडमध्ये बाथजवळ कोम डाउनचा बोगदा आहे, मैलाहून लांब. १९६६ मध्ये गाड्या थांबल्या, २०१३ मध्ये तो सायकलींसाठी उघडला. तिथं दिवे लावले, रस्ता केला, आणि देखभालीचं काम कुणावर तरी सोपवलेलं आहे. गँगमनची जागा पुन्हा भरली, एवढंच.