आकाशावरचा टोलनाका

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डहाणू तालुक्यांत चारोटी हें गांव आहे. तेथील टोलनाक्यावर पैसे भरल्यावांचून मोटार पुढें जात नाहीं. रस्त्यावरचा हा नियम आपल्या अंगवळणीं पडला. तोच आतां आकाशालाहि लागूं व्हावा काय?

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शनचें मुंबई केंद्र सुरू झालें, तेव्हां परवान्याची वार्षिक फी सोडली, तर ॲंटेनावर येणाऱ्या चित्रास मोल पडत नसे. पुढें ती फीहि गेली. जमिनीवरून प्रक्षेपण करणारीं तीं जुनीं केंद्रें प्रसार भारतीनें २०२२ पर्यंत बहुतेक बंद केलीं. डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेली विनामूल्य उपग्रहसेवा आज ‘डीडी फ्री डिश’ या नांवानें चालते. छत्री व पेटी एकदां विकत घेतली कीं मासिक वर्गणी नाहीं. परंतु खासगी वाहिन्या तेथें फायद्यासाठींच येतात. २०१९ व २०२२ सालीं मोठ्या कंपन्यांनीं आपल्या लोकप्रिय वाहिन्या तेथून काढून घेतल्या.

याकरितांच सार्वजनिक वाहिनीचें महत्त्व. जुलै २०२० मध्यें शाळा बंद असतां सह्याद्री वाहिनीनें पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही पाठमाला दाखविली. शहरांत आपलीं मुलें संगणकापुढें बसलीं होतीं. चारोटीच्या आसपासच्या वारली पाड्यांवर जेथें इंटरनेट नव्हतें, पण दूरचित्रवाणीचा संच होता, तेथें शाळा घरांत येण्याची हीच वाट होती.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं दिला. मालमत्ता सर्वांची, तर तिची काळजीहि सर्वांचीच. आपल्या एकत्र कुटुंबांत आज खोलीगणिक निराळी वर्गणी भरली जाते. ऐपत आहे, तेव्हां त्यांत दोष नाहीं. परंतु ज्यांचें म्हणणें सरकारदरबारीं ऐकलें जातें, तींच घरें सह्याद्री पाहीनाशीं झालीं, तर तिच्या कार्यक्रमांच्या बऱ्यावाईटाची विचारपूस कोणीं करावी?

इंटरनेटवांचून थेट मोबाईलवर प्रसारण पोंचविण्याचे प्रयोगहि देशांत झाले आहेत. त्यांतून उद्यां जें येईल, तें विनामूल्य असावें, अशी मागणी आजच केली पाहिजे. आठवड्यांतून एक सायंकाळ घरांतील सर्वांनीं सह्याद्री पाहावी, उणें दिसेल तें पत्रानें कळवावें, चांगलें दिसेल तेंहि कळवावें. पैसे देणारास वेगळा मार्ग असो. परंतु ज्यास टोल परवडत नाहीं, त्याची वाट आपल्या दुर्लक्षानें बुजूं नये.