राखेखालचा विस्तव आणि व्हॅक्यूम क्लीनरची निवड

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये, कॅनडात, नॉर्वे-स्वीडनमध्ये किंवा जर्मनीच्या डोंगराळ भागात थंडी पडू लागली की घरोघरी लाकूड जाळणाऱ्या शेगड्या पेटतात. ओतीव लोखंडाच्या किंवा पोलादी पत्र्याच्या, काचेचे दार असलेल्या या बंदिस्त शेगड्यांना तिकडे ‘वूड स्टोव्ह’ म्हणतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत त्यांना नव्याने मागणी आली. नोकरीच्या निमित्ताने या देशांत गेलेल्या मराठी कुटुंबाने शहराबाहेर जुने घर घेतले, तर दिवाणखान्यात अशी शेगडी बसवलेली असण्याची शक्यता बरीच असते. शेगडीची ऊब सुखावते. प्रश्न उरतो तो राखेचा.

चांगल्या वाळलेल्या लाकडाची राख त्याच्या वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का होते. म्हणजे एक टन लाकडामागे पाच ते दहा किलो. वजनाने ही राख थोडी वाटली तरी ती अतिशय हलकी असल्याने जागा पुष्कळ व्यापते आणि फावड्याने उचलताना खोलीभर उडते. मग साहजिकच घरातल्या नेहमीच्या व्हॅक्यूम क्लीनरची आठवण होते. मात्र तो या कामासाठी वापरणे धोक्याचे आहे. त्याची कारणे दोन: एक राखेतला विस्तव आणि दुसरे राखेचा बारीकपणा. या कामासाठी बाजारात ‘अ‍ॅश व्हॅक्यूम’ या नावाने वेगळी यंत्रे मिळतात. त्यांतले कोणते घ्यावे हे ठरवण्यापूर्वी ही दोन कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

विस्तव विझत का नाही?

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या पिढीला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकले की पुन्हा जाळ धरायचा. राख उष्णतेची मंदवाहक आहे. तिच्या थराखाली निखाऱ्याची धग बाहेर पडत नाही आणि हवाही बेताचीच पोहोचते. त्यामुळे निखारा विझतही नाही आणि झपाट्याने जळूनही जात नाही. वूड स्टोव्हच्या राखेत हेच घडते. वरून पांढरी, थंड दिसणारी राख आत जिवंत असू शकते. असा विस्तव चार दिवसांपर्यंत टिकू शकतो, असा इशारा अमेरिकेतील अग्निशमन यंत्रणा दर हिवाळ्यात देतात.

अशी राख व्हॅक्यूम क्लीनरने ओढली तर ते यंत्र फुंकणीचे काम करते. वेगाने आत येणारी हवा निखाऱ्याला प्राणवायू पुरवते आणि तो लाल होतो. नेहमीच्या यंत्रात त्याच्याभोवती कागदाची पिशवी, केस, कापसाचे तंतू आणि प्लॅस्टिकचे आवरण असते. पेट लगेच घेतला तर निदान लक्षात तरी येतो. अधिक घातक प्रकार म्हणजे साफसफाई संपवून यंत्र कपाटात ठेवल्यानंतर, घरातील मंडळी झोपेत असताना आत धुमसत राहिलेला विस्तव.

धुळीचा प्रश्न

लाकडाची राख पिठासारखी बारीक असते. साधी पिशवी केस, लोकर, माती अडवते. राखेचे सूक्ष्म कण मात्र तिच्यातून आरपार जातात आणि यंत्राच्या मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. वरवर पाहता शेगडी स्वच्छ होते, पण तीच राख श्वासावाटे फुप्फुसांत जाते. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना याचा त्रास अधिक. शिवाय अनेक घरगुती यंत्रांत गाळून आलेल्या हवेनेच मोटार थंड राहते. फिल्टर राखेने भरला की हवेचा प्रवाह कमी होतो आणि मोटार तापते. राख आत शिरली तर ती मोटारीच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते.

राखेचा आणखी एक गुण म्हणजे तिचा क्षार. तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियमची संयुगे असतात. राखेने भांडी लख्ख निघत ती याच क्षारामुळे. पण ओली राख कातडी आणि धातू दोहोंना झोंबते. म्हणून ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या यंत्राच्या टाकीत आधीचे पाणी उरलेले असेल तर त्यात राख ओढू नये.

यंत्र घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट टाकी. ती पूर्ण धातूची असावी आणि झाकण घट्ट बसणारे असावे. धातूसारखा रंग दिलेले प्लॅस्टिक चालत नाही. नळीही धातूची किंवा आतून धातूचे अस्तर असलेली हवी, कारण निखारा टाकीच्या आधी नळीतून जातो.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फिल्टर. चांगल्या यंत्रात दोन टप्पे असतात. बाहेरच्या बाजूला धातूची जाळी किंवा आगीला दाद न देणारे कापड आणि आत सूक्ष्म कण अडवणारा घडीदार फिल्टर. हेपा दर्जाचा फिल्टर असल्यास उत्तम. अमेरिकी व्याख्येनुसार असा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. मात्र हेपा म्हणजे अग्निरोधक नव्हे. हे दोन वेगळे गुण आहेत आणि माहितीपुस्तिकेत दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख शोधावा.

तिसरी गोष्ट फिल्टर झाडण्याची सोय. राखेने फिल्टर काही मिनिटांत चोंदतो. झाकण न उघडता दांडा हलवून किंवा बटण दाबून तो झाडता येत असेल तर राख पुन्हा अंगावर उडत नाही. बदली फिल्टर सहज मिळतो का आणि त्याची किंमत काय, हेही खरेदीपूर्वीच विचारावे. मोटारीच्या वॅटचा आकडा मोठा असला म्हणून यंत्र चांगले ठरत नाही. चोंदलेल्या फिल्टरमागे मोठी मोटारही हतबल होते. टाकीच्या आकारमानाचेही तसेच. एका शेगडीला पंधरा ते वीस लिटरची टाकी पुरेशी होते.

दुकानी कामाचा मोठा व्हॅक्यूम आधीच घरात असेल तर त्याला जोडण्याची धातूची झाकणबंद बादलीही मिळते. राख या बादलीत पडते आणि हवा पुढे मुख्य यंत्रात जाते. हा पर्याय स्वस्त आहे. मात्र बारीक धूळ पुढे जातेच, म्हणून मुख्य यंत्राचा फिल्टरही तितकाच चांगला हवा आणि राख पूर्ण थंड असणे येथेही अनिवार्य आहे.

‘अ‍ॅश व्हॅक्यूम’ हे नाव फसवे

नावावरून असे वाटते की हे यंत्र गरम राखेसाठीच आहे. तसे नाही. धातूची टाकी ही चुकून आलेल्या एखाद्या निखाऱ्यापासूनचे संरक्षण आहे, गरम राख ओढण्याचा परवाना नव्हे. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत राखेचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे, असे स्पष्ट लिहिलेले असते. धुराड्यातील काजळी स्वतःच ज्वलनशील असल्याने तीही ओढू नये, अशी सूचना असते.

राख थंड झाल्याची खात्री डोळ्यांनी होत नाही. धातूच्या उलथन्याने ती तळापासून खालीवर करावी. लाल ठिणगी दिसली किंवा ऊब जाणवली तर थांबावे. सुरक्षित मार्ग म्हणजे शेवटच्या जाळानंतर चार दिवस जाऊ देणे. यंत्र चालू असताना टाकीला आणि नळीला अधूनमधून हात लावून पाहावा. ती गरम लागली तर यंत्र बंद करून, प्लग काढून, ते घरापासून दूर मोकळ्या जागी नेऊन निवू द्यावे. काम झाल्यावर टाकी लगेच बाहेर रिकामी करावी. भरलेले यंत्र घरात ठेवू नये.

रोजच्या कामाला फावडे आणि बादली

ऐन हिवाळ्यात शेगडी रोज पेटते तेव्हा चार दिवस थांबणे शक्य नसते. त्या काळात व्हॅक्यूमचा विचारच करू नये. छोटे लोखंडी फावडे आणि घट्ट झाकणाची धातूची बादली हीच योग्य साधने. बादली घरात, गॅरेजमध्ये किंवा लाकडी व्हरांड्यात ठेवू नये. धुमसणारी राख आग तर लावतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही सोडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या सूचनेप्रमाणे ही बादली घरापासून किमान दहा फूट दूर असावी.

शिवाय शेगडी रोज खरवडून स्वच्छ करण्याची गरजही नसते. तळाशी दोन-अडीच सेंटिमीटर राख राहू दिली तर ती तळाचे रक्षण करते आणि निखारे धरून ठेवल्याने पुढचा जाळ लवकर लागतो. भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या पेलेट स्टोव्हची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या अरुंद कप्प्यांत आणि हवेच्या मार्गांत साचलेली राख फावड्याने निघत नाही आणि ती न काढल्यास ज्वलन बिघडते. तेथे अ‍ॅश व्हॅक्यूम ही खरी गरज ठरते.

साध्या वूड स्टोव्हसाठी या यंत्राचा उपयोग हंगाम संपल्यावर कानाकोपरे साफ करण्यापुरता आहे. म्हणून खरेदीचा क्रम असा असावा: आधी झाकणाची धातूची बादली, मग गरज भासलीच तर धातूची टाकी आणि दुहेरी फिल्टर असलेले यंत्र. यांपैकी काहीही हाती असले तरी राख निवेपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.