खारातील पेज

पेजेचे नाव काढले की मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत बहुधा आजाऱ्याची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले पहिले अन्न ते पेज. चार दिवसांनी पथ्य सुटले की तिची आठवणही सुटते. देशावरच्या कित्येक घरांत तर भात वेळून काढलेल्या पाण्यालाच पेज म्हणतात आणि ते गुरांच्या आंबोणात घालतात. परंतु पनवेलच्या खाडीकाठी, करंजाडे व त्याच्या आसपासच्या गावांत ज्यांचे बालपण गेले, अशा साठी उलटलेल्या मनुष्यापुढे हा शब्द उच्चारून पाहावा. तो प्रथम हसतो, मग क्षणभर गप्प राहतो, आणि नंतर जे सांगू लागतो त्यात आजाराचा उल्लेखही नसतो.

त्याला आठवते ती सकाळची न्याहारी. चुलीवरून उतरलेले मडके, वाडग्यात ओतलेली तांबूस, दाटसर, वाफाळणारी पेज, तिच्यात मिठाचा खडा, आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील किंवा चिमूटभर सुकट. पेज निवत आली की तिच्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. तो पापुद्रा कोणी खायचा ह्यावरून भावंडांत भांडण होई. आवणीच्या दिवसांत तीच पेज मडक्यातून शेताच्या बांधावर जाई आणि चिखलाने माखलेले हात तेथल्याच पाण्यात धुऊन मोठी माणसे ती पीत. ह्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही, असे तो म्हणतो. वस्तुतः सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कारण त्या वाडग्यातील प्रत्येक गोष्टीमागे, रंगामागे, दाटपणामागे, वासामागे, काही ना काही कारण होते.

प्रथम नावाविषयी. संस्कृत वैद्यकग्रंथांत तांदळाच्या पातळ अन्नाचे प्रकार सांगितले आहेत. ज्यात शिते मुळीच नाहीत तो मंड, थोडी शिते व पुष्कळ पाणी असलेली ती पेया, आणि चाटण्याजोगी दाट ती विलेपी. ह्या पेयेचीच मराठी पेज झाली. दक्षिणेतील कंजी आणि चीन देशातील लोकांची तांदळाची न्याहारी ह्याच कुळातील होत. तांदूळ पिकतो तेथे थोड्या दाण्यांत पुष्कळ माणसे जेवविण्याची ही युक्ती माणसाने शोधलेली आहेच.

आता रंग. पूर्वीच्या कुलाबा आणि 1981 पासून रायगड म्हटल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यात खाडीकाठची जमीन खारी असते. समुद्राचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालावयाचे, पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्या बांधांत उघाड्या ठेवावयाच्या, आणि आषाढसरींनी मातीतील मीठ धुऊन निघाले की भात लावावयाचे, अशी ही शेती. बांध एका भरतीला फुटला तर त्या वर्षाचे पीक जाते, आणि जमिनीतले मीठ पुढल्या वर्षीही छळते. अशा जमिनीत नाजूक जातींचा निभाव लागत नाही. तेथे टिकते ते ‘राता’ नावाचे तांबड्या दाण्याचे भात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ह्या स्थानिक जातींतूनच निवड करून ‘काळा राता’ व ‘भुरा राता’ ह्यांचे वाण काढले; पुढे ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ व ‘पनवेल-3’ ही मीठ सोसणारी भातेही तेथूनच आली. मुलाने वाडग्यात पाहिलेला तांबूसपणा हा असा खाडीच्या पाण्याशी झगडून उरलेल्या बियाण्याचा रंग होता. तो दाण्याच्या वरच्या आवरणात, म्हणजे कोंड्यात असतो. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र सडला की तो कोंड्याबरोबर निघून जातो.

वासाचे कारणही ह्या कोंड्यातच आहे. कोंड्यात तेल असते. ते ताजे असेपर्यंत शिजणाऱ्या तांदळाला खमंग, किंचित गोडसर वास देते. काही दिवस गेले की ते खवट होते. म्हणून जुन्या घरांत भात कणगीत टरफलासकट साठवीत आणि लागेल तसे उखळात कांडीत. पहाटे मुसळाच्या आवाजाने जाग येई, असे जे म्हातारी माणसे सांगतात, त्याला हे व्यवहारी कारण होते. हातसडीच्या तांदळाचा आणखी एक गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानात फार उशिरा आला. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर जावा बेटात डच डॉक्टर आइकमान ह्यांना असे आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. ह्या शोधाबद्दल त्यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय पेजेत शिजविलेले पाणी फेकून दिले जात नाही, त्यामुळे दाण्यातून पाण्यात उतरलेला सत्त्वांशही पोटातच जातो.

आणि दाटपणा? तांदळातील पिष्टाचे कण गरम पाण्यात साधारणतः 70 अंशांच्या सुमारास फुगतात व फुटतात. त्यांतील सत्त्व पाण्यात पसरून पाण्याला अंग येते. अखंड दाण्यापेक्षा फुटलेल्या दाण्यातून हे अधिक लवकर घडते. म्हणून उत्तम पेज होते ती कण्यांची. निवताना वर धरणारा तो पापुद्राही ह्या पिष्टाचाच.

परंतु कण्याच का, ह्या प्रश्नाचे एवढेच उत्तर दिले तर ते अपुरे होईल. किंबहुना लबाडीचे होईल. अखंड तांदूळ घरात राहत नसे. तो सावकाराकडे, खोताकडे किंवा बाजारात जाई. ह्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला. ज्यांनी भात पिकवावे त्यांच्याच घरी ते पुरेसे उरू नये, हेच त्या संपाचे मूळ. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले; प्रत्यक्ष कायदा 1949 साली झाला. कांडताना फुटलेल्या कण्या विक्रीच्या कामाच्या नसत, आणि त्याच घराच्या वाट्याला येत. मूठभर कण्यांत घागरीतले पाणी वाढवावे तितकी माणसे पंगतीला बसू शकत. ‘पेज पिणारा’ हे शब्द कोणी हिणविण्यासाठी उच्चारी, ते ह्यामुळेच.

बालपणीच्या आठवणीत हे दिसत नाही. मुलाला पेज गोड लागते, कारण त्याला ती दाट मिळालेली असते. मडक्यात शिते तळाशी बसतात आणि वर निवळ राहते. करवंटीची पळी तळापर्यंत घालावी तर दाट येते. वरच्यावर फिरवावी तर नुसते पाणी येते. वाढणारी बाई मुलांसाठी व शेतावर जाणाऱ्यासाठी पळी खोल घालते आणि शेवटी स्वतःच्या वाडग्यात उरलेली निवळ ओतून घेते. ‘मला पातळच आवडते’ हे तिचे वाक्य मुलाला खरे वाटते. पुष्कळांना ते साठाव्या वर्षीही खरे वाटत असते. काहींच्या ते मध्येच केव्हातरी ध्यानात येते, आणि पेजेचे नाव काढल्यावर मनुष्य क्षणभर गप्प राहतो तो बहुधा ह्याच कारणाने.

ह्या गरिबीच्या अन्नाची थोरवी वैद्यकाने मात्र अगदी अलीकडे नव्याने ओळखली. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. पुढे 1980 नंतरच्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेच्या जागी शिजविलेले तांदळाचे पीठ घालून पाहिले, आणि पटकीच्या रोग्यांत जुलाबाचे प्रमाण अधिक घटते असे त्यांना आढळले. तांदूळ, पाणी व बेतशीर मीठ! पोट बिघडलेल्या मुलाला पेज पाजणाऱ्या आजीला ह्यात नवल वाटले नसते. अर्थात औषधात मिठाचे माप काटेकोर असते, आजीचे अंदाजाचे. एवढा फरक विसरू नये.

करंजाड्याला आज जाणाऱ्यास ह्यांपैकी फारसे काही दिसणार नाही. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे-रायगडातील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातील जासईच्या बाजूला गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. खाडीपलीकडे ज्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, त्याच्यासाठी उठलेल्या गावांतील कित्येक कुटुंबे करंजाडे-वडघरच्या बाजूस येऊन वसली आहेत. पूर्वी जेथे उघाड्या होत्या त्या भागात आता इमारतींच्या रांगा आहेत. घरे पक्की झाली, मुले शिकली, दुकानातून कोलम तांदूळ येऊ लागला. ह्यात वाईट वाटण्यासारखे काय आहे? जी बाई निवळ पिऊन राहिली तिला विचारले तर ती जुने दिवस परत मागणार नाही.

तरीही पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी घरातील वडील माणूस पेज मागतो. सून कुकरमध्ये कोलमचा मऊ भात करते, त्यात पाणी वाढविते आणि वाडगा पुढे ठेवते. तो दोन घास घेतो, ‘चांगली झाली आहे’ म्हणतो आणि वाडगा बाजूला सारतो. सुनेचा ह्यात दोष नाही. पांढऱ्या तांदळात कोंडा नाही, म्हणून रंग नाही, वास नाही. आणि कुकरच्या वाफेत भात मऊ झाला तरी त्याचे पिष्ट ढवळून पाण्यात उतरलेले नसते, म्हणून वरचे पाणी वेगळे आणि भात वेगळा राहतो.

तेव्हा ज्यांना ती करून पाहावयाची असेल त्यांनी तांबडा, कमी सडलेला तांदूळ मिळवावा. राता न मिळाला तर दक्षिण कोकणातील लाल उकडा चालतो, मात्र त्याची चव निराळी व शिजण्यास वेळ अधिक. तांदूळ धुऊन, निथळून, सुकवून जाडसर भरडावा. एक वाटी कण्यांस आठ ते दहा वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळवावे, कण्या त्यात वैरून आच मंद करावी, आणि झाकण अर्धवट ठेवून अधूनमधून ढवळीत राहावे. कणी बोटांत सहज चिरडली की मीठ घालून उतरावे. पापुद्रा धरेपर्यंत धीर धरावा. जोडीला भाजलेला बोंबील नसेल तर कैरीच्या लोणच्याची फोड पुरते. वाढताना मात्र पळी प्रत्येक वेळी तळापर्यंत घालून ढवळावी आणि मगच वाडगे भरावेत. वाढणारीचा वाडगाही त्याच रांगेत ठेवावा.