रजेचा अर्ज

गेवराई तालुक्यातले आमचे चकलांबा गाव पुष्कळांनी नकाशावरही पाहिले नसेल. तिथले आमचे घर ख्रिस्ती. रोज संध्याकाळी वडील शास्त्रवाचन करीत, मग प्रार्थना आणि मग जेवण. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचे नवल नव्हते. त्यामुळे आपला धर्म ही लपविण्याजोगी गोष्ट असू शकते, हे मला ठाऊकच नव्हते.

ते कळले कॉलेजात. माझे नाव-आडनाव चारचौघांसारखे. विचारल्यावाचून कुणाला काही कळायचे नाही. एके दिवशी वर्गात बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली. विधवांच्या दुःखाची ही १८५७ सालची कादंबरी. मराठीतली पहिली म्हणून पुष्कळ अभ्यासक तिला मान देतात. आमचे प्राध्यापक म्हणाले, “अहो, ती पाद्र्यांची मराठी!” वर्ग हसला. मीही हसलो.

डिसेंबरात वसतिगृहात रजेचा अर्ज लिहायला बसलो. ‘नाताळासाठी’ हा शब्द काही केल्या हातून उतरेना. शेवटी लिहिले, ‘घरी कार्य आहे.’

खोलीतल्या मित्राला मात्र फसविता आले नाही. माझ्या पेटीच्या तळाशी दडविलेले बायबल त्याने केव्हाच पाहिले होते. परत आल्यावर तो म्हणाला, “दिवाळीत माझ्या आईच्या हातचा फराळ पोटभर खाल्लास. मग तुझ्या सणाला मला का नाही नेलंस?”

मी खाली मान घातली. कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राचा लहानपणी मला फार राग येई. त्या रात्री तो गेला.

मग ग्रंथालयातून पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आणले. बेळगावात जन्मलेला हा तरुण मुंबईत शिकताना परमहंस सभेत जाई. सभेचा जातिभेदाला विरोध. पण सारा कारभार गुप्त! त्याने मात्र १८५४ मध्ये उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्याआधी १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, घरच्यांनी कोर्टात जाऊन परत मिळविले. हेच शेषाद्री पुढे आमच्या मराठवाड्यात, जालन्याला, काम करीत राहिले. घरादाराचा रोष पत्करून या माणसांनी जे जगाला सांगितले, ते मला एका अर्जात लिहवत नव्हते!

पुढच्या वर्षी अर्जात ‘नाताळ’ लिहिले. रेक्टरांनी न बोलता सही केली. वर्षभर बाळगलेली भीती एवढीच होती! मित्राला चकलांब्याला नेले. ताट पाहून तो उद्गारला, “काकू, या तर आमच्याच करंज्या!”

“मग काय वेगळ्या असतात होय रे?” आई म्हणाली आणि तिने आणखी दोन वाढल्या.

आता मी स्वतः ‘यमुनापर्यटन’ शिकवतो. पहिल्याच तासाला सांगून टाकतो, “मी ख्रिस्ती आहे. या पुस्तकावर माझा लोभ आहे, हे ध्यानात ठेवून माझे ऐका.” मग कथेतला उपदेश लांबतो कुठे, ते मीच दाखवतो. मुलेही मोकळेपणी टीका करतात, आणि यमुनेच्या प्रवासात भेटणाऱ्या त्या विधवांपाशी आली की आपोआप गप्प होतात.