खानदेशांतील गोंदणाचीं फुलें व त्यांचें वाचन

पोथीच्या अखेरीस ग्रंथाचें, ग्रंथकाराचें व लेखकाचें नांव सांगणारा जो मजकूर असतो त्यास आपण पुष्पिका म्हणतों. ती गळालेली असली म्हणजे पोथी कोणाची व केव्हांची हें ठरवितांना केवढी तिरपीट उडते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. जळगांव व धुळें या जिल्ह्यांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर, कपाळावर व हनुवटीवर जीं गोंदणाचीं फुलें दिसतात, त्यांची आज हीच स्थिति होत चालली आहे. आकृति आहे; परंतु तिचें नांव सांगणारी पिढी संपत आली आहे. म्हणून या फुलांचें वाचन कसें करावें याविषयीं कांहीं विचार येथें मांडीत आहें.

प्रथम साहित्य पाहूं. गोंदणाचा रंग म्हणजे मुख्यतः दिव्याचें काजळ. पोथीची काळी शाईहि काजळाचीच. फक्त तींत डिंक घालून ती खलीत असत. गोंदणारीण हें काजळ पाल्याच्या रसांत किंवा दुधांत कालवी, एकत्र बांधलेल्या सुयांनीं तें कातडींत टोंची व वर हळद लावी. बाह्यत्वचा कांहीं आठवड्यांनीं झडून नवी येते. काजळ तिच्या खालच्या थरांत बसल्यामुळें जन्मभर टिकतें, व वरच्या त्वचेंतून दिसत असल्यानें काळ्याचें हिरवट निळें भासतें. मात्र वर्षानुवर्षें तें हळूहळू पसरतें आणि लगत काढलेल्या दोन बारीक रेघा अखेर एक होतात. पाकळीची नाजूक रेघ न काढतां सुटे ठिपके मांडून फूल करावयाचें, ही जुनी रीत या दृष्टीनें शहाणपणाची होती.

ठिपक्यांची संख्या मोजणें ही वाचनाची पहिली पायरी होय. मध्यें एक व भोंवतीं सहा ही मांडणी आपोआप जुळते. एका रुपयाभोंवतीं तसलेच रुपये चिकटून ठेवल्यास बरोबर सहाच बसतात. तेव्हां सहाच्या आंकड्यांत गूढ अर्थ शोधण्याची घाई करूं नये. भोंवतीं आठ असल्यास मात्र पूजेंतील अष्टदल कमळाची आठवण होणें साहजिक आहे. उलट चार टोंकांची खूण म्हणजे फुली. मराठींत फुली या एकाच शब्दानें लहान फूल, नाकांतील अलंकार आणि दोन रेघांनीं केलेली खूण या तिन्हींचा बोध होतो. जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर व स्त्रीची निशाणी बांगडी असे. तेथें आपण चित्रकला पाहत नाहीं, ती कोणाची खूण हें पाहतों. गोंदणांतील फुलीकडेहि त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

संस्कृत जाणणाऱ्यास या ठिकाणीं एक मोह होतो, व तो मलाहि झाला. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत विशेषकच्छेद्य, म्हणजे कपाळावरील तिलकासाठीं पानें कातरण्याची कला, सांगितली आहे. काव्यांत नायिकांच्या गालांवर पत्रलेखा येतात. गोंदणाचें मूळ येथेंच असावें असें वाटतें; परंतु या सर्व रचना पुसल्या जाणाऱ्या आहेत, आणि गोंदणाचें मर्म न पुसण्यांत आहे. न पुसणारी खूण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांपडते, पण ती महापातक्याच्या कपाळावर दंड म्हणून. माध्व संप्रदायांतील तप्तमुद्रा भक्तीची खरी, तथापि ती तापलेल्या धातूची. सारांश, ग्रंथांतील एकहि विधि गोंदणास नीट लागू पडत नाहीं. त्याचा कोश स्त्रियांच्या तोंडीं आहे.

हें मला एका चुकीनें शिकविलें. अमळनेर तालुक्यांतील माझ्या मावशीच्या हातावर एक मोठी आकृति होती. तिचे ठिपके मोजून मीं वहींत ‘अष्टदल कमल, लक्ष्मीचें चिन्ह’ असें लिहिलें व तिला वाचून दाखविलें. ती हंसून म्हणाली, “हाई कमय नही रे भाऊ, हाई तुयस शे.” खालच्या ज्या दोन रेघा मीं देंठ समजलों होतों, तें वृंदावन होतें. कमळ असतें तर अर्थ संपत्तीचा. तुळस म्हटल्याबरोबर तो सासरच्या अंगणाचा झाला. मेल्यावर सोनेंनाणें उतरवून घेतात, गोंदण तेवढें बरोबर येतें, असेंहि ती म्हणे. आणि ही समजूत महाराष्ट्रांत अन्यत्रहि ऐकूं येते.

तेव्हां फुलांचे अर्थ जागा व समाज पाहूनच लावावे. अजिंठ्याच्या छतांवर कमळ आहे, देवघरांत आहे व हातावरहि आहे; पण तिन्ही ठिकाणीं त्याचें काम एक नाहीं. खोटी साक्ष दिल्याच्या कथेमुळें केतकी शिवास वर्ज्य. तरी वेणींतील सोन्याच्या अलंकारास आपण कौतुकानें केवडा म्हणतों. चातुर्मासांत दारापुढें काढावयाच्या गोपद्मांत पद्म हा शब्द आला असला तरी आकृति गाईच्या पावलाची आहे. मूळच्या गोष्पद शब्दाचें हें रूपांतर असावें असा माझा तर्क आहे. मोहाचें फूल तापीकांठच्या गांवकऱ्यास केवळ रानफूल, पण सातपुड्यांतील भिल्ल व पावरा यांस तें अन्न आहे, मद्य आहे व बाजारचा पैसाहि आहे.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येनें अलीकडेच मला विचारलें, “गुरुजी, हातावर कोणतें फूल काढूं?” १८९१ सालीं न्यूयॉर्क येथील सॅम्युएल ओ’रायली यानें विजेच्या गोंदणयंत्राचें पेटंट घेतलें, त्याचीं वंशज यंत्रें आज जत्रांतूनहि गुरगुरतात. मीं तिला सांगितलें कीं, प्रथम सुई नवी आहे कीं नाहीं हें पाहा, कारण वापरलेल्या सुईनें काविळीसारखे रोग रक्तांतून जातात. रेघा विरळ ठेव. आणि पुस्तकांतील अर्थ पाहण्यापूर्वीं आजीच्या हातावर काय आहे व ती त्यास काय म्हणते, तें विचारून ये.

संग्राहकांसहि माझी हीच विनंति आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यांत निवर्तले व पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यामुळें कागद सांभाळण्याची संवय या प्रांतास आहे. पोथी कसरीपासून वाचवितां येते, हें पान चितेबरोबर जातें. म्हणून संमति घेऊन आकृतीचें रेखन करावें, ठिपके मोजावे, शरीरावरील जागा, गांव, जात-जमात, गोंदलें तेव्हांचें वय व गोंदणारीण कोण हें लिहावें. आणि नांव तिच्याच बोलींत, तुयस म्हणाली तर तुयस असेंच, उतरून घ्यावें. आपला अर्थ निराळ्या रकान्यांत लिहावा.

मावशीच्या मनगटावर सात ठिपक्यांची आणखी एक खूण होती. तिचें नांव पुढच्या खेपेस विचारीन म्हणून मीं ठेवलें, आणि ती खेप आली नाहीं. वहींत आकृति आहे; तिच्या खालची जागा मीं कोरी ठेविली आहे.