माझी पोर प्रयोगाला कशाला?

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली. सगळ्या जणी उठल्या, पण एक मैत्रीण तशीच बसून राहिली. तिची लेक सातवीत. टीबी झालाय, तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘नव्या उपचाराच्या चाचणीत मुलीला घ्यायचं का?’ डोळे पुसत मला म्हणाली, ‘ताई, माझी पोर काय उंदीर आहे का हो, प्रयोग करायला?’

खरं सांगते, आई म्हणून मलाही आधी तेच वाटलं. मग ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, विचारलं, थोडं वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

पाच ते दहा या वयात टीबी त्यामानानं कमी दिसतो. मुलं वयात येऊ लागली की तो वाढतो आणि मोठ्या माणसांसारखाच फुफ्फुसात घर करतो. पण औषधांच्या चाचण्यांमध्ये या मुलांना जागाच नसायची. लहानांमध्ये ती मोठी, आणि मोठ्यांमध्ये ‘१८ पूर्ण’ची अट!

याची किंमत कोणी मोजली? बेडाक्विलिन हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर झालं, पण फक्त मोठ्यांसाठी. १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी मंजुरी मिळायला तिथं २०१९ उजाडलं. मधल्या काळात जगभर कितीतरी मुलांना महिनोन्‌महिने जुनी इंजेक्शनं घ्यावी लागली. कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी काहींचे कान कायमचे गेले. म्हणजे चाचणीत घेतलं नाही म्हणून पोरं सुखरूप राहिली, असं काही झालं नाही.

उलट जिथं मुलांना घेतलं, तिथं फायदाच झाला. सौम्य टीबी असलेल्या सोळा वर्षांखालच्या १,२०४ मुलांची ‘शाइन’ नावाची चाचणी युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतात झाली. भारतात चेन्नई आणि आपलं पुणे! अशा मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचा उपचार पुरतो, हे त्यातून दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते मान्यही केलं. त्याच वर्षी हट्टी टीबीवरचा एक नवा सहा महिन्यांचा उपचार संघटनेनं सुचवला, तो मात्र १४ वर्षांपासून पुढे. त्याखालच्या वयाची पुरेशी माहितीच नव्हती ना!

मग डोळे मिटून सही करायची का? मुळीच नाही, मैत्रिणींनो. चाचणीला नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. आईवडिलांची संमती तर हवीच, पण बारा वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. नको वाटलं तर मधेच बाहेर पडता येतं, नेहमीचा उपचार त्यानं बंद होत नाही. चाचणीमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

म्हणून विचारा. हे औषध आधी मोठ्यांना देऊन पाहिलंय का? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? शाळा किती बुडेल? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? नाव बाहेर जाणार नाही ना? आणि हो, पाळी आलेल्या मुलींची बऱ्याचदा गरोदरपणाची तपासणीही करतात. ऐकून दचकू नका. तो मुलीवर संशय नसतो, औषधांपायी पुढे धोका नको म्हणून घेतलेली ती काळजी असते. पण हे लेकीला आधी आईनंच समजावलेलं बरं.

परवा मायलेकी पुण्याला जाऊन आल्या. कागद घरी आणलाय, सही अजून केलेली नाही. पण लेकीनं स्वतः डॉक्टरांना प्रश्न विचारले म्हणे. ‘गॅदरिंगला नाचता येईल का?’ हा त्यातला पहिला! मैत्रीण सांगत होती, ‘ताई, मी गप्पच बसले, सगळं तिनंच विचारलं.’

होकार असो की नकार, तो असा विचारून, समजून दिलेला असावा. आणि त्यात आईइतकाच लेकीचाही आवाज असावा.