केसांची गोष्ट – लेखांक 9 : आधी काढायचं, मग लावायचं

मागच्या वेळी फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या औषधाबद्दल लिहीन म्हणालो होतो. ते पुढे ढकलतो. डब्लिनहून एका ताईंचं पत्र आलंय, त्याचं उत्तर आधी द्यायचंय. त्यांचे बाबा पुण्याहून मुक्कामाला आलेत. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी केस लावून घेतले होते. तिथल्या डन लेअरीच्या धक्क्यावर वारा केस मागे लोटतो, कपाळावरचे झुपके उघडे पडतात, म्हणून बाबा फिरायलाच जात नाहीत. ताई विचारतात, ‘पुढे आणखी केस लावून झाकता येईल का?’

भाताची लावणी पाहिली असेल तर हे झुपके का दिसतात ते चटकन कळेल. चुडात दोन-तीन रोपं असली की शेत भरून येतं. मूठभर रोपं एकाच जागी खुपसली तर नुसते पुंजके दिसतात आणि मध्ये चिखल. केसांच्या लावणीतही तसंच झालं. डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1952 मध्ये न्यूयॉर्कला डोक्याच्या मागचे केस पुढे लावले. जागा बदलली तरी मागच्या केसाचा टिकण्याचा गुण जात नाही, हे त्यांनी 1959 मध्ये मांडलं. शोध मोठाच, पण चूड जाड. 4 मिलिमीटरच्या एकेका गोलात 15-20 केस, आणि तेही ताठ उभे. कपाळाकडचा मूळ केस पुढे झुकलेला असतो. माझ्या मते संख्येपेक्षा हा कोनच जास्त घात करतो. त्यात आजूबाजूचे मूळचे केस गळत गेले की झुपके एकटे पडतात.

तर ताई, झुपके कपाळरेषेच्या बरेच मागे असतील तर पुढे एकेरी केस लावून झाकता येतात. अगदी रेषेवरच असतील तर आधी काढायला हवेत. झुपक्यापेक्षा लहान पंच (गोल पोकळ पातं) त्यात उतरवून मधला भाग उचलतात, काठाचे थोडे केस तिथेच ठेवतात. उचललेला भाग टाकून देत नाहीत! सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे एक-दोन केसांचे गट सुटे करून विरळ जागी लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली असे गट वेगळे करण्याचं काम सॅन अँटोनिओच्या बॉबी लिमर यांनी 1988 पासून केलं. ही तऱ्हा मला फार आवडते. मागचा साठा पुन्हा भरत नाही, म्हणून बाबांच्या कपाळावरचा प्रत्येक केस मोलाचा आहे. साठा अगदीच कमी असेल तर दाढीचे केस घेतात, पण ते जाड. डोक्याच्या मध्यावर चालतात, पुढच्या ओळीत नाहीत.

एका बैठकीत हे सहसा संपत नाही. लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी फुटू लागतात, पूर्ण रूप यायला वर्ष जातं. बाबा मुक्कामाला किती दिवस आहेत, ते आधी पाहा.

संकोचाबद्दलही लिहिलंयत. उत्तर आयर्लंडचा नट जेम्स नेस्बिट याने डब्लिनच्या ब्लॅकरॉकमध्ये केस लावून घेतले आणि ते उघडपणे सांगितलं. बाबांना त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवा. मग डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : मागे किती केस उरलेत, ते भिंगाने मोजून सांगाल का?